पाकिटावरचं नाव

लाल ठिपका ईश्वरीच्या नावापुढं होता. रक्त शालनचं होतं.

राजाक्काच्या ओसरीवर बसून शालन चौगुले त्या महिन्याची पाकिटं पिशवीत भरत होती, तेव्हा मांडीवरचा टॅब थरथरला. तो दिवसातून वीसदा थरथरे. कुणाच्या बाळाची लस राहिलेली असे, कुणाचं वजन घ्यायचं असे. सवयीनं तिनं सूचना बाजूला सारायला अंगठा नेला आणि अंगठा तिथंच राहिला. लेकीचं नाव होतं. ‘ईश्वरी तानाजी चौगुले. वय २२. लाल. सात दिवसांत तपासणी अनिवार्य.’

“काय गं, कुणाचं काय?” राजाक्का शेंगा फोडत होती. तिचं शेंगांवरून लक्ष उडालं.

“काय न्हाई. मीटिंग लावल्या.”

“तुमच्या मीटिंगा तेवढ्या दणक्यात. चहा तरी देत्यात का तिथं?”

“देत्यात की. पाण्यासारखा.”

हे बोलताना आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं शालनला नवल वाटलं. पिशवी उचलून ती गल्लीत आली आणि दत्ताच्या देवळाच्या कट्ट्यावर टेकली. गेले चार महिने तिची पाळी दहा-दहा दिवस चालत होती. सेहेचाळीस पुरी झाली, आता असंच व्हायचं, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं होतं. गावातल्या दुसऱ्या कुणी बाईनं हेच सांगितलं असतं तर तिनं तिला बखोट धरून उपकेंद्रात नेलं असतं. चिंचणवाडीची आशाताई होती ती. एकशे बेचाळीस बायकांच्या पाळीच्या पट्ट्या तिच्या हातून जात.

चार वर्षांत तिनं तीन लाल ठिपके बघितले होते. तिघींनाही तिनं स्वतः गाडीत बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिघीही आज चालत्याफिरत्या होत्या. पट्टी वाचणारा डबा खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं.

सरकारदरबारी त्या डब्याचं नाव ‘ऋतुलेख’. त्यामागची कल्पना ऐकायला साधी होती. डॉक्टर दंडाच्या शिरेतून रक्त काढत, तपासत, आणि जे रक्त दर महिन्याला आपणहून बाहेर येतं ते मोरीतून वाहून जाई. त्या रक्तात नुसतं रक्त नसतं. गर्भाशयाचं अस्तर सुटून येतं, त्यातल्या पेशी येतात, त्या पेशींनी तयार केलेली प्रथिनं येतात, आतल्या जंतूंच्या खुणा येतात. आत काय चाललंय याची बातमीच शरीर दर महिन्याला बाहेर पाठवतं. ती वाचायची सोय तेवढी नव्हती.

ती या पट्टीनं केली. बोटभर रुंद, वीतभर लांब, जाडसर कागदाची पट्टी. तिच्यात केसापेक्षा बारीक वाटा कोरलेल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी चार तास पॅडवर लावून ठेवायची, मग काढून नाव आणि चौकोनी ठसा असलेल्या पाकिटात घालायची. पाकिटातले खडे ओल शोषून घेत आणि नमुना वर्षभर टिकत असे. पट्टीला दोन फाटे होते. एक फाटा डब्यात वाचला जाई, दुसरा पाकिटात जपून ठेवला जाई. डबा कुकरएवढा. चाळीस मिनिटांत तो तीनपैकी एक रंग देई.

लाल रंगाला वयाशी देणंघेणं नव्हतं. बिघडलेल्या पेशींची खूण सापडली की लाल. पिवळा आणि हिरवा मात्र तुलनेनं ठरत. त्या वयाच्या हजारो बायकांचे आकडे डब्याच्या पोटात असत. त्यांच्यापेक्षा एखादीचे आकडे फार वेगळे असले, की पिवळा.

ईश्वरीची पहिली पट्टी पिवळी आली, तो दिवस शालनच्या घरी सणासारखा गेला होता.

कुणाला हे खरं वाटणार नाही. पण पंधराव्या वर्षापासून ती पोर दर महिन्याला दोन दिवस फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची. शाळेत बाई म्हणत, परीक्षा आली की हिचं पोट दुखतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सगळं नॉर्मल म्हणून सांगितलं. आत्या म्हणाली लग्न झालं की थांबेल, मावशी म्हणाली पहिलं बाळ झालं की थांबेल. खुद्द शालनही म्हणाली होती, “थोडं सोसायला शीक.” आणि मग उपकेंद्रात नव्यानं आलेल्या डॉक्टर नाझनीन मुल्लांनी त्या दोघींना समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं.

“याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलेच तुकडे बाहेर रुजतात. अंडाशयावर, आतड्यावर, कुठंही. गर्भाशयाबरोबर तेही दर महिन्याला पाळी पाळतात. फक्त त्यांच्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. दुखणार नाही तर काय होणार? पूर्वी हे ओळखायलाच आठ-दहा वर्षं जायची. पोटात दुर्बीण घातल्याशिवाय कळायचं नाही.”

ईश्वरी रडली. मग हसली. घरी येऊन मैत्रिणीला फोनवर ओरडून सांगत होती, “अगं, खरं निघालं! मला रोग आहे!”

गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत पोरगी पालटली. घरी चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम ती करे. पूर्वी महिन्यातले आठ दिवस तिची बैठक मोडायची, आता सलग पाच-पाच तास फुंकणी धरून बसू लागली. चेहरा भरला. विशी ओलांडली, तशी स्थळं येऊ लागली.

पट्टीचा दाखला कुणी कुणाकडं मागायचा नाही, असा कायदा होता. उपकेंद्राच्या भिंतीवर तसा फलकही होता. त्यामुळं कुणी मागत नसे. मुलीकडच्यांनीच चहाबरोबर फोन पुढं करायचा, असा रिवाज पडला.

पहिली दोन स्थळं पिवळा ठिपका बघून चहा संपवून गेली. “मूलबाळ व्हायचं न्हाई म्हणं पिवळ्यात,” कुणीतरी पसरवलं होतं. तसं काही नसतं, बहुतेकींना होतं, हे शालन बैठकांत बायकांना घसा फोडून सांगायची. पाव्हण्यांपुढं तिचा घसा चालला नाही.

तिसरं स्थळ शिरोळकडचं. मुलगा पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता, शांत, निर्व्यसनी, ईश्वरीशी पुस्तकांवर बोलत बसला. त्याची आई सोफ्यावर ऐसपैस टेकून म्हणाली, “पत्रिका-बित्रिका आम्ही काय मानत न्हाई बघा ताई. आम्ही सुधारलेली माणसं. एक पट्टी तेवढी बघू म्हटलं.”

“शेतातल्या रेंजचा घोळ हाय,” शालन म्हणाली. “रिपोर्ट उघडंना झालाय. पाठवते की.”

“सावकाश. दोन-तीन महिनं तरी आम्हाला कुठं घाई हाय.”

आई आणि लेकीची पाळी एकाच आठवड्यात येई. त्या महिन्यातही आली. ईश्वरीनं नेहमीसारखं आपलं पाकीट मोरीच्या कोनाड्यात ठेवलं आणि बाहेरून हाक दिली, “आई, ठेवलंय गं.” शालननं मोरीला आतून कडी लावली. कोनाड्यात दोन पाकिटं शेजारी शेजारी होती. चिमट्यानं तिनं एकीची पट्टी काढली, दुसरीची काढली, आणि अदलाबदल करून दोन्ही पाकिटं चिकटवली. चहा करायला याहून जास्त वेळ लागतो. मग प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणं तिनं वीस सेकंद साबणानं हात धुतले.

पकडलं जायची भीती नव्हती. कुणाची पट्टी ते ओळखायची डब्याला मुभाच नव्हती. रक्तावरून माणूस ओळखता येतो, नातं ओळखता येतं, मूल कुणाचं ते ओळखता येतं. उद्या सासरचे हा डबा त्यासाठी वापरतील, म्हणून बायकांच्याच संघटनांनी भांडून तो भाग कायद्यानं बंद करून घेतला होता. पाकिटावर जे नाव, तिचं रक्त. डबा पाकिटावर विश्वास ठेवायचा.

ईश्वरीचा रंग हिरवा झाला. शालनचा पिवळा झाला, त्याची कुणी दखल घेतली नाही. पंचेचाळिशीत निम्म्या बायकांचा पिवळाच असतो.

लेकीला सांगायचं नाही, हे शालननं आधीच ठरवलं होतं. ईश्वरीनं जाऊन त्या मुलाला तोंडावर सांगून टाकलं असतं. ती तसलीच होती. गोळ्यांचं आपण बघू, असं शालनला वाटलं होतं. पण लागोपाठ तीन हिरवे आले, तसा नियमाप्रमाणं गोळ्यांचा पुरवठा आपोआप थांबला. ईश्वरीच्या फोनवर फुलं उधळली गेली आणि ‘उपचार यशस्वी, अभिनंदन’ असं आलं. शालननं ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्यांची दोन पाकिटं आणली, तर ईश्वरी म्हणाली, “हिरवं आलंय ना आता? मग गोळ्या कशाला? उगंच काहीतरी आपलं.”

शालननं गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. उत्तर होतं, ते देता येत नव्हतं.

साखरपुड्याच्या आठ दिवस आधी राजाक्का घरी आली. तिची थोरली, गार्गी, पिवळी होती.

“शालन, तुझ्या पोरीचं हिरवं कसं झालं गं?”

“गोळ्या लागू पडल्या.”

“माझी पण त्याच गोळ्या खाती.” राजाक्का तिच्याकडं बघत राहिली. तिची नजर तशी भोळी होती, पण त्या दिवशी नव्हती. “माझी अजून येती बरं का पाळी. न्हाई, आपलं सांगितलं.”

पुढच्या महिन्यात वाटप करताना शालननं राजाक्काच्या घरची दोन कोरी पाकिटं एकाच पिशवीत घालून दिली. एवढंच. एरवी ती प्रत्येकीच्या हातात वेगळं पाकीट द्यायची आणि वेगळं मागून घ्यायची. त्या महिन्यापासून काही घरांत पिशवी जाऊ लागली. वर्ष संपेपर्यंत चिंचणवाडीतली चौदा घरं पिशवीवर आली होती. एका घरात आईची पाळी बंद झालेली, तर तिथं तिच्या धाकट्या जावेनं पट्टी दिली.

तालुक्याच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर आलेख लावला होता. ‘अठरा ते पंचवीस, अविवाहित’ या गटातला पिवळा वर्षभरात अठरा टक्क्यांवरून पाचवर उतरला होता. साहेब म्हणाले, हे यश तुम्हा भगिनींचं आहे. टाळ्या झाल्या. शालननं हळूच आजूबाजूला बघितलं. ओळींतल्या साठेक आशाताई टाळ्या वाजवत होत्या आणि एकही दुसरीकडं बघत नव्हती. तेव्हा तिला कळलं, की पिशवी एकट्या चिंचणवाडीत गेलेली नाही.

त्याच बैठकीत उपकेंद्रांतला मंगळवारचा युवती दवाखाना बंद करण्याचं ठरलं. गरज उरली नव्हती.

ईश्वरीचं दुखणं तोवर परत आलं होतं. दोन महिने ती काही बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात पैंजणाला जोडाचा डाग देता देता तिच्या हातातून फुंकणी पडली आणि ओढणीचा बोळा तोंडात धरून ती तिथंच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ती एकटी उपकेंद्रात गेली. परत आली तेव्हा शालन दारातच होती.

“काय म्हणाल्या मॅडम?”

“पडदा दाखवला. सगळं हिरवं. माझ्या वयाच्या पोरींपेक्षा पण चांगलं आहे म्हणे.” ती चपला नीट लावत होती, एकीला दुसरी चिकटवून. “लग्न ठरलं की होतं म्हणाल्या असं. टेन्शननं. श्वासाचे व्यायाम दिलेत.”

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात नाही गेली. होणाऱ्या नवऱ्याला तिनं फोनवर काहीतरी सांगितलं असावं, कारण शालनला पडद्याआडून एवढं ऐकू आलं, “हो, क्लीन आहे ना रिपोर्ट... हो, मला पण तसंच वाटतं. डोक्यातच असेल माझ्या.”

एकदा दुपारी शालन तिच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. ईश्वरीनं छताकडं बघत विचारलं, “आई, दुखत नसताना दुखल्यासारखं वाटतं का गं कुणाला? का मलाच वेड लागलंय?”

खरं सांगायची ती वेळ होती. लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या.

“मनावर घिऊ नको,” शालन म्हणाली.

देवळाच्या कट्ट्यावर बसून शालनला हे सगळं आठवलं. तिच्या हातात सात दिवस होते. गप्प बसली, तर पोरीला नाहक भूल देऊन तिच्या गर्भाशयातला तुकडा काढतील, त्यात काही सापडणार नाही, आणि आपल्या पोटातलं आपलं वाढत राहील. बोलली, तर नोकरी जाईल, लग्न मोडेल आणि लेक आयुष्यभर तोंड बघणार नाही. तिनं तिसरी वाट शोधून पाहिली. तिथूनच डॉक्टर मुल्लांना फोन लावला.

“मॅडम, ईश्वरीची पट्टी खराब झाली असंल. मोरीत पडली हुती. दुसरी देऊ का?”

“शालनताई, लालवर दुसरी पट्टी चालत नाही, तुम्हीच शिकवता ना बायकांना?” डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. “घाबरू नका. उद्या सकाळी घेऊन या तिला. बाविसाव्या वर्षी हे फार विरळ असतं, पण वेळेत कळलंय.”

घरी ईश्वरी उंबऱ्यात बसली होती. फोन तिच्या हातात. तिलाही आलं होतं. शालनला वाटलं होतं ती रडत असेल. ती रडत नव्हती.

“बघितलंस आई? लाल.” तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते शालननं चार वर्षांपूर्वी, पहिल्या पिवळ्या पट्टीच्या दिवशी, पाहिलं होतं. “मी म्हणत नव्हते? दुखतंय म्हणत होते ना मी?”

सकाळी नऊला उपकेंद्रात तिघीच होत्या. डॉक्टर मुल्ला मिरजेच्या, तिशीच्या आतल्या, कामाला वाघ. त्यांनी दार लावून घेतलं आणि ईश्वरीला सावकाश समजावलं. गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही पेशी वाकड्या वाटेला लागल्यासारख्या दिसतात. तुकडा काढून बघावा लागेल. कदाचित मोठं ऑपरेशनही. मूल होण्याचं काय, ते नंतर बोलू.

“करा मॅडम,” ईश्वरी म्हणाली. “काय पण करा. निघालं ना एकदाचं.”

“ते माझं हाय,” शालन म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं बघितलं.

“पट्टी. ते रक्त माझं हाय, मॅडम. हिचं माझ्या पाकिटात जातंय. मी बदलते.”

खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होईना. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“कधीपासून?”

“अकरा महिनं.”

“अकरा,” डॉक्टर म्हणाल्या. “शालनताई, मी हिला प्राणायाम सांगितला. दोनदा आली ही माझ्याकडं. मी पडदा फिरवून दाखवला हिला.”

ईश्वरी आईकडं बघत होती. रागानं नाही. गणित सोडवताना मुलं बघतात तशी.

“म्हणजे माझं दुखत होतं,” ती म्हणाली. “खरोखरचं.”

“व्हय.”

“आणि तू पिशवी धरून बसायचीस माझ्या पोटावर. तेव्हा तुला माहीत होतं.”

“व्हय गं.”

“मी तुला विचारलं होतं, मला वेड लागलंय का.”

शालननं मान खाली घातली. यावर ‘व्हय’ म्हणवेना.

डॉक्टर उठल्या. कपाटातून त्यांनी दोन्ही पाकिटं काढली. राखून ठेवलेला दुसरा फाटा पुन्हा वाचता येतो, फक्त नाव हातानं भरावं लागतं. शालनच्या पाकिटातल्या फाट्याला त्यांनी ईश्वरीचं नाव आणि वय घातलं, ईश्वरीच्या पाकिटातल्या फाट्याला शालनचं. “आधी जे जिचं ते तिच्या नावावर येऊ दे,” त्या म्हणाल्या. “चौकशी-बिवकशी नंतर.”

चाळीस आणि चाळीस मिनिटं. मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर फलक होता. ‘माझा ऋतुलेख, माझा हक्क.’ ईश्वरीनं पोटावर हात दाबून धरला होता. एकदा ती पुटपुटली, “खरोखरचं,” आणि तिला हसू आलं. शालनला वाटलं, हिनं मला चार माणसांत चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला निकाल शालनचा. वय ४६. लाल. त्यानंतर डब्यानं सगळं आपणहून केलं. गुरुवारी साडेनऊची वेळ घेतली, पलंग राखला, गाडी ठरवली आणि येताना उपाशीपोटी या, घाबरू नका, असं लिहिलेला कागद छापून दिला. डॉक्टरांनी तो शालनच्या हातात ठेवला.

दुसरा निकाल ईश्वरीचा. वय २२. हिरवा.

“पाकिटं परत उलटी झाली का?” शालननं विचारलं.

“नाही.” डॉक्टर आकडे उघडून बघत होत्या. एकेक ओळ बोटानं खाली सारत होत्या. “आकडे वाईट आहेत हिचे. खूपच वाईट. गेल्या वर्षी पिवळा आला होता, त्याच्या दुप्पट आहेत.”

“मग हिरवा कसा?”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

“डबा शिकतो, ताई. दरवर्षी राज्यातल्या सगळ्या पट्ट्या घेऊन पुन्हा शिकतो, कुठल्या वयात काय सापडतं ते. चैत्रात नवी आवृत्ती आली. गेलं वर्षभर त्यानं काय पाहिलं? असले आकडे येतात ते चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या पाकिटांत. वीस-बावीसच्या मुलींची पाकिटं स्वच्छ. मग एखाद्या मुलीच्या पाकिटात असे आकडे आले तर तो काय समजणार? पट्टी नीट धरली नसेल, चूक असेल. तो ते आकडे सोडून देतो.” त्या थांबल्या. “चिंचणवाडीत किती जणींनी केलं?”

“चौदा.”

“आणि तालुक्यात?”

शालनला साठ जणींच्या टाळ्या ऐकू आल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

“म्हणजे आता खरी पट्टी दिली तरी...” ईश्वरी म्हणाली.

“तुझी, गार्गीची, कुणाचीही. इथली, तिकडं नंदुरबारची. जिनं कधी काही बदललं नाही तिची पण.”

ईश्वरीचा फोन वाजला. निकाल तिच्याकडंही पोचला होता. कालचा लाल पुसला गेला होता आणि पडद्यावर फुलं उधळत होती. पाठोपाठ शिरोळहून निरोप आला. दाखला त्यांनाही दिसत असे, साखरपुड्यातच तशी जोडणी करून दिली होती. ‘देवाची कृपा. घाबरलोच होतो. पत्रिका वाटायला घेतो.’ ईश्वरीनं तो वाचला आणि फोन आईपुढं धरला. शालनला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. हिरवा रंग, तोही पोरीच्या स्वतःच्या रक्ताचा, आणि लग्न.

“गोळ्या तरी द्या मॅडम,” शालन म्हणाली.

“हिरव्यावर गोळ्यांचा फॉर्म उघडत नाही. दुर्बिणीच्या तपासणीचाही नाही.” डॉक्टरांनी पडदा भिंतीकडं फिरवून ठेवला. टेबलाचा खण उघडून त्यांनी एक जुनं, पिवळं पडलेलं कागदाचं पॅड काढलं. “हातानं चिठ्ठी लिहिते. पूर्वी लिहायचे तशी. रुग्ण काय सांगते ते लिहून. हल्ली चिठ्ठीवर कुणी आत घेत नाही, पण लिहिते. माझ्या वर्गातली एक आहे जिल्ह्याच्या दवाखान्यात, तिच्या हातापाया पडते.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ईश्वरीकडं तोंड करून बसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आणि पोरीच्या मध्ये पडदा नव्हता.

“सांग, ईश्वरी. कुठं दुखतं? कसं दुखतं? तुझ्या शब्दांत सांग. मला सगळं ऐकायचंय.”

शालननं गुरुवारचा कागद मुठीत आवळला. कुठं दुखतं ते तिला तोंडपाठ होतं. डाव्या कुशीत, खाली, तिथून मांडीत उतरतं, संडासला बसताना सुरी फिरवल्यासारखं होतं. तिच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं होतं पोरीला.

ईश्वरीनं तोंड उघडलं. मग तिची नजर वळली. भिंतीकडं फिरवलेल्या पडद्यापाशी डबा होता आणि त्याच्यावरचा बारका दिवा अजून हिरवा जळत होता. ती त्याच्याकडं बघत राहिली.

“काय नाही, मॅडम,” ती म्हणाली. पोटावर दाबलेला हात तिनं काढला नव्हता. “बरी आहे मी.”